डबा खाता खाता जगाबद्दल बोलूया

(महाविद्यालयातल्या दुपारच्या सुट्टीतील व्याख्यानमालेच्या पहिल्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



डबे बंद करू नका. जेवता जेवताच ऐका. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तुमच्यासारखाच इंजिनिअरिंग करून नोकरीला लागलो. आमच्या कॉलेजात चार वर्षांत जगाचा विषय निघायचा तो जीआरईचा स्कोअर आणि परदेशातलं पॅकेज यापुरताच. जिथे नोकरी करायला जायचं, तिथली माणसं कशी जगतात, कशावरून भांडतात, हे कोणी विचारत नसे. म्हणून जगाची संस्कृती, समाज आणि राजकारण यांवर दुपारच्या सुट्टीत बोलायचं तुम्ही ठरवलंत, याचा मला आनंद आहे.

व्याख्यानमाला आपल्याला नवी नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याला दीडशे वर्षं झाली. पण आज मी दोन बाहेरच्या गोष्टी सांगणार आहे. एक ढाक्याची, एक अमेरिकेतल्या बर्कलीची. दोन्ही विद्यार्थ्यांच्या आहेत.

आधी ढाका. १९४७ मध्ये पाकिस्तान झाला तेव्हा त्या देशात सर्वांत जास्त लोक बांगला बोलत होते. तरी मार्च १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात येऊन सांगितलं की राजभाषा उर्दूच राहील. विद्यार्थ्यांनी त्यांच्या तोंडावर ‘नाही’ म्हटलं. चार वर्षांनी हा वाद पेटला. २० फेब्रुवारी १९५२ ला सरकारने १४४ कलम लावलं. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी विद्यापीठातल्या आंब्याच्या झाडाखाली जमले. बंदी मोडू नये असं बहुतेक पुढाऱ्यांचं मत होतं. मुलांनी वाद घातला आणि मोडायचं ठरवलं. दुपारी गोळीबार झाला. मेलेल्यांत राज्यशास्त्र शिकणारा अबुल बरकत होता. १९५६ च्या राज्यघटनेत बांगलाला उर्दूच्या बरोबरीने स्थान मिळालं. पुढे १९९९ मध्ये युनेस्कोने २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला.

ही गोष्ट मी मुद्दाम निवडली. ऑफिसात जेवताना मला विचारतात, “तुझं मराठी एवढं चांगलं कसं?” आणि नात्यातल्या लग्नात विचारतात, “तुला उर्दू वाचता येत नाही? मग कसला मुसलमान?” दोन्ही प्रश्नांच्या मागे एकच समजूत आहे: धर्म ठरला की भाषा ठरली. ढाक्यातली मुलं मुसलमान होती आणि त्यांच्यावर उर्दू लादणारं सरकारही मुसलमानांचंच होतं. धर्म एक असला म्हणून भाषा, कपडे, जेवण, राजकारण एक होत नाही, हे त्या मुलांनी जगाला दाखवलं. माझी आई ज्या भाषेत रागावते ती माझी भाषा. त्यासाठी मला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी राहील. १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला आणि तिथे राहिलेले उर्दू बोलणारे लोक, ज्यांना ‘बिहारी’ म्हणतात, परके ठरले. त्यांतले अनेक पाकिस्तानच्या बाजूने होते, हे खरं. पण त्यांची मुलं, नातवंडंही छावण्यांतल्या दाटीवाटीच्या खोल्यांत, नागरिकत्वाविना वाढली. २००८ मध्ये ढाक्याच्या उच्च न्यायालयाने त्यांचा नागरिकत्वाचा हक्क मान्य केला. कालपर्यंत ज्यांची भाषा दाबली जात होती, त्यांच्याच देशात दुसऱ्या भाषेच्या माणसाला जागा उरली नाही. अशा व्याख्यानांतून मला हेच अपेक्षित आहे. टाळ्या वाजवून झाल्यावर पुढचा अवघड प्रश्न विचारायचा.

आता बर्कली. १९६४ च्या शरद ऋतूत कॅलिफोर्निया विद्यापीठाने हुकूम काढला: कॅम्पसच्या दारातल्या फुटपाथवर राजकीय टेबलं मांडायची नाहीत, पत्रकं वाटायची नाहीत, वर्गणी गोळा करायची नाही. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांसाठी काम करणारी मुलं तिथे उभी राहत. १ ऑक्टोबरला दुपारच्या सुमाराला जॅक वाइनबर्ग नावाच्या तरुणाला टेबलावरून उचलून पोलिसांच्या गाडीत बसवलं. मुलं गाडीभोवती बसली. गाडी ३२ तास हलली नाही, आणि तिचं टप भाषणाचं व्यासपीठ झालं. मारिओ सावियो हा विद्यार्थी वर चढला तो बूट काढून, गाडीला ओरखडा पडू नये म्हणून! डिसेंबरमध्ये सुमारे ८०० जणांना अटक झाली. ८ डिसेंबरला प्राध्यापकांनी ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठरवलं की कोणी काय बोलावं यावर विद्यापीठाने बंधन घालू नये. कुठे, केव्हा, किती मोठ्याने, एवढेच नियम असावेत. पुढे त्याच चौकात दुपारी १२ ते १ ही वेळ लाऊडस्पीकरवर बोलण्यासाठी ठेवली गेली. म्हणजे जेवणाच्या सुट्टीचा एक तास. तो कोणाच्या मेहेरबानीवर नव्हता, नियमाने मिळाला होता.

तुमच्यापैकी काहींच्या घरी म्हणतील, “बाळा, राजकारणात पडू नकोस. डिग्री घे, नोकरी बघ. आपल्या पोरांवर आधीच लक्ष असतं.” ही भीती खोटी नाही आणि मी तिला हसणार नाही. आपल्या मुलाने परदेशातल्या कुठल्या घटनेवर तोंड उघडलं की लगेच त्याच्या निष्ठेची परीक्षा सुरू होते, हे आपण पाहतो. पण गप्प बसून ती परीक्षा टळत नाही. उलट आपल्या वतीने दुसरेच बोलतात, आणि आपण त्यांचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड पुढे ढकलतो.

यावर उपाय नियमाचा आहे. या मालेची परवानगी लेखी घ्या. विषय आठवडाभर आधी फलकावर लावा. दार सर्वांना उघडं ठेवा. २५ मिनिटं भाषण, १५ मिनिटं प्रश्न. पहिला प्रश्न मुलीचा, कारण नाही तर वेळ संपेपर्यंत मुलंच बोलत राहतात. प्रत्येक वक्त्याने आपली माहिती कुठून घेतली ते सांगावं. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, ज्याला जी येते ती भाषा चालेल.

आणि एक पथ्य. फक्त सोयीचे देश निवडू नका. गाझातल्या मुलांवर बोलाल तर महसा अमिनीच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये इराणमध्ये रस्त्यावर आलेल्या मुलींवरही बोला. फ्रान्समधल्या शाळेत हिजाब काढायला लावतात त्यावर बोला, आणि इराणमध्ये तो सक्तीने घालायला लावतात त्यावरही बोला. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: मुलीच्या डोक्यावर काय असावं हे सरकारने का ठरवावं? सेनेगलवर बोला. तिथली नव्वद टक्क्यांहून जास्त प्रजा मुसलमान, पण पहिले राष्ट्राध्यक्ष लिओपोल्ड सेंघोर कॅथलिक होते आणि ते वीस वर्षं पदावर राहिले. ‘मुसलमान देश’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, त्यात हा देश कुठे बसतो?

आपल्यावर अन्याय झाला की जी मोजपट्टी काढतो, तीच दुसऱ्यावर आपल्या माणसांनी अन्याय केला तरी लावायची. हे जमलं तर आपला शब्द ऐकला जाईल.

माझी २५ मिनिटं झाली. पुढच्या आठवड्याचा वक्ता बाहेरून बोलावू नका, तुमच्यातलाच एक उभा करा. आता प्रश्न विचारा. ठरल्याप्रमाणे पहिला मुलींकडून.