विंचू चावतो तेव्हा



संयोजकांनी ‘तुझ्या क्षेत्राबद्दल बोल’ असं सांगितलं होतं. पण रविवारी सॉफ्टवेअरबद्दल कोण ऐकणार? विंचवाबद्दल बोलते. आपल्या वर्गातले कितीतरी जण परीक्षा संपली की वांद्र्याहून थेट कोकणात जायचे, अजूनही जातात.

एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप रसायनाने जातो, हे बाईंनी शिकवलं होतं. ते रसायन चेतातंतूच्या टोकाशी बारीक पिशव्यांत भरलेलं असतं. वांद्र्याला उतरणारा माहीमलाच दारात येऊन उभा राहतो ना, तशा काही पिशव्या अगदी कडेला येऊन थांबलेल्या असतात. विजेचा संदेश पोचला की कॅल्शियमची दारं उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट. ते आत घुसतं, पिशवीवरच्या सिनॅप्टोटॅग्मिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि पिशवी बाहेर रिकामी होते. कॅल्शियम आत आल्यापासून एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत! आमच्या ऑफिसात तेवढ्यात लॉगिनसुद्धा होत नाही.

संदेश संपला की दारं मिटतात. लाल विंचवाचं विष नेमकं इथे घोळ घालतं. संदेश वाहून नेणारी सोडियमची दारं ते नीट मिटू देत नाही. मग संदेश थांबत नाही, कॅल्शियम आत येत राहतं, नॉरॲड्रेनलिन ओतलं जातं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी होतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरलं. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावायचे, ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंजिनीअर म्हणून मला यातलं भावतं ते असं, की निरोप पाठवणारा थांबेना, तेव्हा त्यांनी घेणाऱ्याचे कान झाकले. नॉरॲड्रेनलिन रक्तवाहिनीवर जिथे चिकटतं, ती जागाच हे औषध अडवतं.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याला गावी विंचू चावला. फारसं दुखत नाही म्हणाला, म्हणून घरचे त्याला झोपवत होते. शेजारच्या काकांनी त्याचा भिजलेला शर्ट आणि गार हात पाहिले आणि सरळ रिक्षात घातलं. घाम, उलट्या, गार हातपाय दिसले, तर दुखणं कमी असलं तरी सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

भाचा आता सहावीत आहे. चप्पल झटकल्याशिवाय घालत नाही, आमच्या सातव्या मजल्यावरसुद्धा.