दोन आजार, दोन्ही औषधं

गटात आपण कर्जाच्या हप्त्याचं बोलतो, तसं आज एका अवघड विषयाचं बोलू.

स्किझोफ्रेनियासारखा मनाचा मोठा आजार असलेल्या बाईलाही एचआयव्हीची लागण होऊ शकते. कुणी तिला फसवतं, कुणी जबरदस्ती करतं. 'निरोध वापर' म्हणायचं बळ तिच्यात नसतं. घरचे म्हणतात, "तिला कशाला तपासणी?" आम्ही म्हणतो, तिलाही हवीच.

आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते. आधी समजावून सांगून तिची संमती घेतात, निकाल गुप्त ठेवतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं हा तिचा हक्क आहे. लागण निघाली तर एआरटीच्या गोळ्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या रोज घ्यायच्या. मनाच्या आजाराच्या गोळ्याही आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. दोन्ही डॉक्टरांना दोन्हीकडचे कागद दाखवा. कार्बामाझेपिन हे औषध एआरटीतल्या डोल्युटेग्रॅविरचा जोर कमी करतं, म्हणून डॉक्टरांना हे कळायलाच हवं.

शेजारणींनो, तिला गोळीची आठवण करा, दवाखान्यात सोबत जा. पण तिची गोष्ट गटात किंवा नळावर नेऊ नका. एकत्र जेवल्यानं एचआयव्ही होत नाही, तिचं ताट वेगळं करू नका.

एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७, मनाच्या त्रासासाठी १४४१६. दोन्ही फोन मोफत आहेत. वहीत लिहून ठेवा.