किंडरपुन्श आणि चारच लवंगा

मागच्या डिसेंबरची गोष्ट. मी जर्मनीत, ऑफिस बंद, रूममेट घरी गेलेला. 24 तारखेला दुपारीच दुकानं बंद, 25-26 सुट्टी. जाम एकटं वाटत होतं. म्हटलं, किंडरपुन्श करू. ख्रिसमसच्या बाजारात गरम वाईनच्या जोडीला मुलांसाठी मिळतं ना, ते बिनदारूचं.

मसालेभाताच्या सवयीने मूठभर लवंगा टाकल्या, खळखळ उकळलं. जीभच बधिर! व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अरे, दात दुखतोय का तुझा?" बरोबर होतं तिचं. लवंगेतलं युजेनॉल बधिरच करतं.

दुसऱ्यांदा नीट केलं. 1 लिटर सफरचंदाचा रस, अर्धा लिटर लाल अंबाडीच्या बोंडांचा चहा (तिथे तो हिबिस्कस टी म्हणून मिळतो), एका संत्र्याच्या सोललेल्या फोडी, दालचिनीचे 2 तुकडे, 1 चक्रफूल आणि लवंगा फक्त 4. मंद आचेवर 15 मिनिटं. वाफ दिसली पाहिजे, उकळी नको, नाहीतर वास उडून जातो. मग गाळायचं. साखर लागत नाही.

दीड लिटर एकट्याला संपणार थोडंच? समोरच्या आजींची बेल वाजवली. त्याही एकट्याच होत्या. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये दोन तास गप्पा झाल्या.

तुमच्या शेजारी कोणी सुट्टीत एकटं असेल, तर एक कप जास्तीचा करा. भेटू पुढच्या भागात!