ह्युएन त्संग : धैर्य आणि नोंद
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



ह्युएन त्संग हे नाव आपण शाळेत वाचले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

सातव्या शतकात चीनमधील बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांत एकमेकांशी मेळ नव्हता. मूळ ग्रंथच वाचावेत म्हणून हे तरुण भिक्खू भारताकडे निघाले. देशाबाहेर जाण्यास बादशहाची बंदी होती. वाटाड्याने मध्येच साथ सोडली. पुढे वाळवंट आणि सोबत एक म्हातारा घोडा. तो त्या वाटेने अनेकदा गेलेला होता, एवढाच आधार.

वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली. सारे पाणी वाळूत गेले आणि ह्युएन त्संग मागे फिरले. मित्रहो, हे विसरू नका, एवढा मोठा माणूसही मागे फिरला होता! पण थोडे अंतर गेल्यावर त्यांना आपला संकल्प आठवला : भारतात पोहोचल्याशिवाय पूर्वेकडे एक पाऊलही टाकायचे नाही. त्यांनी घोड्याचे तोंड पुन्हा पश्चिमेकडे वळवले. चार रात्री पाच दिवस घशाला थेंब नाही. शेवटी घोड्यानेच आपणहून वाट सोडली आणि गवत व पाणी गाठले. ही हकिकत त्यांच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे.

पुढे ते नालंदा येथे आचार्य शीलभद्रांपाशी शिकले. पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रातही आले. परतताना सिंधू नदीत नाव हेलकावली आणि पोथ्या वाहून गेल्या. त्यांनी त्यांच्या नकला पुन्हा मिळवल्या. इ. स. 645 मध्ये ते 657 ग्रंथ घेऊन मायदेशी पोहोचले आणि 664 मध्ये निधन होईपर्यंत भाषांतर करीत राहिले.

पण त्यांचे आपल्यावरचे उपकार वेगळेच आहेत. कोणत्या गावाहून कोणते गाव किती दूर, कुठे विहार, किती भिक्खू, कुठला स्तूप ढासळला, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. पुढे आपल्याच देशात नालंदा कुठे होते याचा विसर पडला. 1861-62 च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी बिहारमधील बडगावचे ढिगारे म्हणजेच नालंदा, असे ठरवले, ते याच वर्णनांच्या आधारे. बाराशे वर्षांपूर्वीची नोंद खरी निघाली!

मी बँकेत कारकून आहे. आमच्याकडे ज्याची नोंद नाही, तो व्यवहार झालाच नाही असे धरतात. इतिहासाचेही तसेच आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांसमवेत धम्मदीक्षा घेतलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. ती कशी गेली, भाडे कुठून आणले, परतल्यावर गावाने कसे वागवले, हे कोणी लिहून घेतले आहे का?

विद्यार्थी मित्रहो, येत्या रविवारी एक वही घ्या आणि आपल्या आजी-आजोबांजवळ बसा. गावाचे नाव, साल, सोबतच्या माणसांची नावे नीट विचारून लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. आणि अभ्यासात कधी मन खचले, मागे फिरावेसे वाटले, तर तो वाळवंटातला प्रवासी आठवा. मागे फिरलेला माणूसही पुन्हा तोंड वळवू शकतो.

जय भीम!