हद्दीपलीकडचा आवाज



रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहानशा गावी माझे बालपण गेले. तेथील पोस्टाच्या कचेरीत, भिंतीलगतच्या लाकडी बाकावर बसून, मुंबईच्या ट्रंक कॉलची वाट पाहण्याचा योग मला अनेकदा आला आहे. कॉल सकाळी नोंदवावा, घरी जाऊन जेवणे उरकावीत, पुन्हा येऊन बसावे, आणि उन्हे कलल्यावर केव्हातरी पोस्टमास्तरांची हाक यावी, असा तो क्रम असे. त्या जड काळ्या रिसीव्हरमधून प्रथम ऐकू येई तो आमच्या काकांचा आवाज नव्हे, तर मधल्या केंद्रांवरील ऑपरेटर भगिनींचा. त्या एकमेकींना क्रमांक सांगत, वाट मोकळी आहे का ते विचारीत, आणि वडिलांचे बोलणे कोठे रंगात येते न येते तोच त्यांच्यापैकी एकीचे शब्द मध्ये पडत, ‘तीन मिनिटे झाली, वाढवायची का?’

त्या भगिनी जे काम करीत, तेच आज यंत्रे करतात. परंतु ते काम आज अधिक अवघड झाले आहे, आणि त्याचे कारण यंत्रांत नसून मालकीत आहे. त्या काळी सारे जाळे एकाच सरकारी खात्याचे होते. १९६० साली लखनौ आणि कानपूर या शहरांमध्ये ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून थेट दूरध्वनी करण्याची सोय झाली, तीही एकाच धन्याच्या दोन कचेऱ्यांमधली. पुढे ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवर संभाषण केले, आणि त्यानंतर एकेक खासगी कंपनी आपापले मनोरे, आपापली केंद्रे, आपापली दप्तरे घेऊन या मुलखात उभी राहिली. एकाच्या हद्दीत उठलेली हाक दुसऱ्याच्या हद्दीत पोहोचवायची, हा प्रश्न त्या दिवसापासून नित्याचा झाला.

ती हाक कशी पोहोचते, हे क्षणभर जवळून पाहू. आपण दहा आकडे दाबले, की आपल्या कंपनीच्या केंद्रापुढे पहिला सवाल उभा राहतो तो हा, की हा क्रमांक कोणाच्या पदरी आहे? पूर्वी आरंभीच्या आकड्यांवरून ते कळे. परंतु २० जानेवारी २०११ पासून देशभर ग्राहकाला क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली, आणि आकड्यांची ती साक्ष संपली. आता प्रत्येक वेळी स्थलांतरित क्रमांकांच्या नोंदीची रुजवात करावी लागते, आणि तेथून मिळणाऱ्या संकेतानुसार हाक पलीकडच्या कंपनीच्या वेशीवर जाते. हाक येत असल्याची पूर्वसूचना प्रत्यक्ष आवाजाबरोबर जात नाही. तिची वाट निराळी असते, आणि पुढे स्वार धाडून मागून पालखी न्यावी तशी ती अगोदर जाऊन रस्ता राखून ठेवते. पलीकडचे केंद्र आपली मूळ नोंदवही उघडते, तीत ग्राहक सध्या कोणत्या टापूत आहे ते पाहते, त्या टापूतील पाहुण्यांच्या नोंदवहीकडे चौकशी करते (या वह्यांना अभियंते खरोखरच घरची आणि पाहुण्यांची अशाच अर्थाची नावे देतात), मग तेथील मनोरे त्या ग्राहकाला साद घालतात, आणि त्याच्या खिशातील यंत्र वाजू लागते. तोवर काही सेकंदच उलटलेले असतात.

आवाजाची व्यवस्थाही अशीच काटेकोर आहे. दोन जाळ्यांच्या सांध्यावर वर्षानुवर्षे चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे बोलण्याचे सेकंदाला ८,००० वेळा मापन होते, प्रत्येक माप आठ द्विमान अंकांत लिहिले जाते, आणि एका वाहिनीवर ३२ कप्पे एकामागून एक फिरत राहतात. त्यांतील ३० बोलण्यासाठी, एक ताल राखण्यासाठी आणि एक संकेतांसाठी. म्हणजे अशा एका सांध्यावरून एका वेळी तीसच संभाषणे जाऊ शकतात. एकतिसाव्याने थांबावे, किंवा कंपन्यांनी सांधे वाढवावेत. सारे मर्म येथे आहे.

हद्दी केवळ कंपन्यांच्याच नसतात. सरकारी विभागणीप्रमाणे देशाची २२ सेवाक्षेत्रे पडतात, आणि त्या नकाशावर गोवा महाराष्ट्रात मोडतो, मुंबई मात्र स्वतंत्र आहे. हे कोकणी माणसाला विचित्र वाटेल, परंतु तसे आहे. क्रमांक तोच ठेवून एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाण्याची मोकळीक ३ जुलै २०१५ रोजी मिळाली. हाक स्वीकारल्याबद्दल पलीकडच्या कंपनीला द्यावयाची जकातही होतीच. ती १ ऑक्टोबर २०१७ पासून मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आली, आणि १ जानेवारी २०२१ पासून माफ झाली.

परंतु जकातीपेक्षा वेस बंद ठेवणे वाईट. २०१६ सालच्या गणपतीत आमच्या पुतण्याने एका नव्या कंपनीचे कार्ड घेतले होते. गावाकडे आमच्या वहिनी आजारी होत्या. त्यांचा मोबाईल दुसऱ्या कंपनीचा. दोन दिवस तो मुलगा फोन लावीत होता, आणि ‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत’ एवढेच ऐकत होता. त्या सुमारास देशभर असंख्य माणसांनी हेच ऐकले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा दंडक असा, की सांध्यावर जागा नाही म्हणून अडणाऱ्या हाका दर हजारी पाचांहून अधिक असू नयेत. तो मोडल्याबद्दल त्याच वर्षी ऑक्टोबरात प्राधिकरणाने तीन जुन्या कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. आकडा मोठा आहे, आणि तो मला मुळीच अवास्तव वाटत नाही. परवाना घेणाऱ्याने आपल्या ग्राहकाची सेवा करावी एवढेच त्याचे कर्तव्य नव्हे. शेजाऱ्याच्या ग्राहकाची हाकही त्याने अडवता कामा नये, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला त्याचाच ग्राहक असतो. आजारी वहिनी त्या कंपनीच्या जुन्या, इमाने पैसे भरणाऱ्या ग्राहक होत्या.

म्हणून श्रोत्यांना माझी विनंती आहे. आपले फोन एखाद्याच विशिष्ट कंपनीच्या क्रमांकांवर वारंवार लागत नसतील, तर दोष आपल्या यंत्राचा आहे असे समजून स्वस्थ बसू नका. तारीख, वेळ आणि क्रमांक टिपून ठेवा, आपल्या कंपनीच्या तक्रार केंद्राला कळवा, आणि त्यांच्याकडून तक्रारीचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. तेथे निकाल लागला नाही, तर त्याच कंपनीत अपील अधिकारी नेमलेला असतो. तो नोंदणी क्रमांक घेऊन त्याच्याकडे दाद मागा.