ज्यांची नोंद नाही, त्यांचा हिशेब कोण ठेवणार?

(जयगड येथे हितचिंतकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज शेती आणि संगणक या विषयावर बोलायचे आहे. आदिवासी सेवाकार्याच्या सभेत हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण भाताची पेरणी कधी करावी, आंब्याच्या मोहोरावर पाऊस पडला तर भरपाई मिळेल की नाही, हे आता बऱ्याच अंशी संगणकातल्या आकड्यांवर ठरू लागले आहे. त्या आकड्यांत आपल्या वाड्यांवरची माणसे कुठे आहेत, एवढेच मला विचारायचे आहे.

हे काम चालते कसे, ते आधी पाहू. हवामानाचे मॉडेल हा एक हिशेब असतो. जमीन, समुद्र आणि वरची हवा यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातले तापमान, ओलावा, वारा यांची आजची स्थिती धरून उद्या काय होईल याचे गणित मांडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी सुरू झाली. पूर्वीचे १२ किलोमीटरचे चौकोन आता ६ किलोमीटरचे झाले. प्रगती मोठी आहे. तरीही आपल्या जयगडला तेवढ्या एका चौकोनात किल्ल्याचे टोक, बंदर, शास्त्रीची खाडी, भातखाचरे आणि सड्यावरचा हापूस असे सगळे मावते.

दुसऱ्या पद्धतीत अनेक वर्षांच्या जुन्या नोंदी संगणकाला शिकवतात. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशा मॉडेलच्या आधारे १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मान्सूनचा अंदाज मोबाईलवर पाठवला. गरीब शेतकऱ्याचे बियाणे वाया जाऊ नये, म्हणून असे काम झाले तर त्याचे स्वागतच करायला हवे.

आता विम्याकडे येऊ. हवामानावर आधारित फळपीक विम्यात कोणी बागेत येऊन नुकसान मोजत नाही. अवेळी पाऊस किंवा ठरलेल्या मर्यादेबाहेरचे तापमान केंद्रावरच्या यंत्राने नोंदवले, तरच भरपाई मिळते. त्यासाठी ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. पण कोकणात एका पऱ्याच्या अलीकडे सर येते आणि पलीकडे कोरडे राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको. वाडीवर पाऊस पडून मोहोरावर भुरी आली आणि केंद्रावर काहीच नोंदले गेले नाही, तर कागदावर नुकसान झालेलेच नसते.

बागायतदाराचे निदान नाव तरी यादीत असते. मोहोर गळाला की त्याच बागेत फवारणीला, काढणीला, पेट्या भरायला जाणाऱ्या मजुराचे दिवसही गळतात. त्या दिवसांसाठी विम्यात रकानाच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कातकरी कुटुंबांपैकी अनेकांच्या नावावर जमीन नाही. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. दुसऱ्याच्या वरकस जमिनीवर तोंडी बोलीने नाचणी-वरी करणारा माणूस सातबाऱ्यावर नसतो, म्हणून संगणकातही नसतो. संगणकाला दोष देऊन उपयोग नाही. त्याला जे दिले, त्याचाच हिशेब तो करतो.

उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ आठवा. सात वर्षे सुकाळ, सात वर्षे दुष्काळ, हा अंदाज त्याने फारोला सांगितला. पण तेवढ्याने कोणाचे पोट भरले नाही. पिकाचा पंचमांश गोळा झाला, नगरोनगरी कोठारे भरली आणि वेळ आली तेव्हा ती उघडली, म्हणून माणसे जगली. अंदाज आणि भाकर यांच्यामध्ये कोणीतरी राबावे लागते.

ते राबणे आपल्याला जमण्यासारखे आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून हवामान आणि पीक सल्ला निघतो. ‘मेघदूत’ ॲपवरही सल्ला मराठीत मिळतो. आपल्या मंडळीतल्या तरुणांनी तो वाडीवर जाऊन सोप्या बोलीत वाचून दाखवावा. ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देते. उघड्या सड्यावर काम करणाऱ्यांपर्यंत तो पोहोचला तर जीव वाचेल. मात्र ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याला हाक मारायला माणूसच लागेल.

दुसरे, प्रत्येक वाडीवर एक साधे पर्जन्यमापक आणि एक वही ठेवू. रोज सकाळी मुलांनी पाऊस मोजून लिहावा. या वहीवर विमा मिळणार नाही. पण केंद्रावर किती आणि वाडीवर किती, हे सहायक कृषी अधिकाऱ्यापुढे तारखेनिशी मांडता येईल. त्याच वहीत मजुरीचे बुडालेले दिवसही लिहू.

तिसरे काम कागदपत्रांचे. आधार, जातीचा दाखला, बँक खाते यांसाठी कातकऱ्यांसारख्या अतिअसुरक्षित जमातींकरिता १५ नोव्हेंबर २०२३ पासून ‘पीएम-जनमन’ अभियान आहे. कार्यालयापर्यंत त्यांच्यासोबत चालत जाणारा माणूस हवा. एक दिवसाची मजुरी बुडवून एकट्याने तिथे जाणे त्यांना परवडत नाही.

देणगी तर तुम्ही देताच, देव तुमचे कल्याण करो. या वेळी मी तुमच्याकडे महिन्यातला एक दिवस मागतो. वह्या आणि पर्जन्यमापके आणायची व्यवस्था आपण करू. वाडीवर कोण जाणार, त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे द्यावीत.