सापाच्या पेटीत जिवंत उंदीर सोडू नका

सापाला जिवंत उंदीर द्यावा की मेलेला, हा प्रश्न सातारा, कराड, विटा, मिरज अशा सगळ्या बाजूंनी येतो आणि तो विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे आपले सर्पमित्र. कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या न्हाणीतून साप पकडलेला असतो, तो दोन-चार दिवस बरणीत किंवा पोत्यात राहतो आणि मग त्याला भूक लागली असेल म्हणून जीव कळवळतो. दुसरे म्हणजे शहरातले हौशी लोक, ज्यांच्याकडे बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेकसारखा परदेशी साप असतो. दोघांनाही उत्तर एकच देता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं देता येत नाही. आपला नाग, घोणस, धामण, अजगर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते घरात पाळायचे नाहीत. बॉल पायथन पाळणाऱ्यांना त्याची नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ती केली नसेल तर उंदराचा प्रश्न नंतर बघू.

सर्पमित्रांना आधी सांगतो. पकडलेल्या सापाला काहीच खायला घालू नका. धडधाकट मोठा साप आठवडेच्या आठवडे न खाता राहतो. त्याचं शरीर आपल्यासारखं ऊब टिकवण्यासाठी अन्न जाळत नाही. उलट पकडल्याच्या भीतीनं साप पोटातलं ओकून टाकतो, कारण पोट भरलेलं असताना त्याला नीट पळताही येत नाही आणि लढताही येत नाही. अशा सापाला तुम्ही बेडूक भरवता, मग मोटारसायकलवर पिशवीतून हलवता, आणि तो ओकला की म्हणता, आजारी आहे. तो आजारी नाही, तुम्ही त्याला दमवलाय. वनखात्याला कळवा, 1926 हा त्यांचा क्रमांक आहे, आणि जिथं पकडला त्याच्या जवळपास लवकरात लवकर सोडा. पाण्याचं भांडं ठेवलंत तर पुरे. दूध नको. दुधावर मी आज बोलणार नाही. दर श्रावणात बोलून झालेलं आहे.

आता पाळलेल्या सापाकडे येतो. माझं मत सरळ आहे: मारून, गोठवून, पुन्हा गरम केलेला उंदीर द्यावा, जिवंत देऊ नये. यात उंदराची दया हा एक भाग आहेच, पण मी तुम्हाला सापाच्या बाजूनं पटवणार आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी तो सतत कुरतडत असतो. लाकूड, पोती, विजेच्या तारांवरचं वेष्टण, कशालाच तो सोडत नाही. सापाच्या पाठीचं कातडं त्यापुढे काय टिकणार? भुकेला नसलेला, थंडीनं जड झालेला किंवा कात टाकायला आल्यामुळे डोळे दुधाळ झालेला साप उंदराकडे लक्षच देत नाही. पेटीत उंदराला खायला काही नसतं, प्यायला नसतं, पळायला वाट नसते. तासाभरात तो सापालाच कुरतडायला लागतो. आणि साप? तो बहुतेक वेळा हलतसुद्धा नाही. चावत नाही, उठत नाही, ओरडायला त्याला आवाज नाही. पाठीवरचं मांस खाल्लं जाऊन मणके दिसायला लागलेले, डोळा गेलेला, जबड्याच्या जखमेत पू झालेला, अशा सापांची वर्णनं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यकीय पुस्तकांत एका वेगळ्याच प्रकरणाइतकी आहेत. त्यात लहानशा उंदरानं मोठा अजगर मारल्याच्याही नोंदी आहेत.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि कृपा करून रेडिओचा आवाज थोडा वाढवा: जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपायला जाऊ नका. "रात्री खाईल" म्हणून सोडू नका. "सकाळी बघू" म्हणून सोडू नका. खरं तर पाच मिनिटांसाठीही पाठ फिरवू नका. शिकार करताना साप पकडतो तो डोक्याकडून, पण नेम चुकला आणि कमरेकडून पकड बसली तर उंदराचं तोंड मोकळं राहतं, आणि गुंडाळला जात असतानाही तो कडकडून चावतो. म्हणजे भुकेला, तरतरीत, नेमबाज सापही यातून सुटत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की जंगलात साप जिवंतच खातो, मग घरात का नको. जंगलात साप कुठं बसायचं ते स्वतः ठरवतो, बिळाच्या तोंडाशी दबा धरतो, नेम चुकला तर निघून जातो. उंदरालाही पळता येतं. तुमच्या दोन फुटी प्लास्टिकच्या टबात दोघांनाही जायला जागा नाही. त्याला शिकार म्हणता येत नाही, ते कोंडून मारणं आहे. दुसरं असं की, जंगलात साप फक्त जिवंतच खातो हेही खरं नाही. रस्त्यावर मेलेले बेडूक, मेलेली पाखरं, कुजायला लागलेले उंदीर सापांनी खाल्ल्याच्या नोंदी जगभर आहेत. 2002 साली डीव्हॉल्ट आणि क्रोकमल या दोन अमेरिकी संशोधकांनी त्या एकत्र करून मांडल्या आणि हे वागणं समजलं जातं तितकं दुर्मीळ नाही, असा निष्कर्ष काढला. "ताकद कमी होते" असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो की हाडं, काळीज, मांस, सगळं तेच असताना ताकद नेमकी कुठून गळून गेली?

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही: माझा साप मेलेलं खातच नाही. लहानपणापासून जिवंतावर वाढलेला बॉल पायथन खरंच हट्ट धरतो. पण साप जिवंतपणा ओळखतो तो वास, ऊब आणि हालचाल यांवरून, आणि या तिन्ही गोष्टी मेलेल्या उंदराला देता येतात. पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे थंडगार उंदीर त्याच्या लेखी दगडच. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून विरघळू द्या, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. हाताला उबदार लागला पाहिजे, शिजता कामा नये. मायक्रोवेव्ह अजिबात नको. लांब चिमट्यानं शेपटीकडे धरून संध्याकाळी, अंधाऱ्या कोपऱ्यात, हलकेच हलवा. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नको. नाही खाल्ला तर अर्ध्या तासानं काढून टाका आणि आठवड्यानं पुन्हा बघा. निरोगी मोठा बॉल पायथन महिनोन्महिने उपास करतो, विशेषतः थंडीत. घाबरतो तो मालक. साताऱ्याकडच्या पौष-माघात पेटीतली ऊब कमी पडली की खाल्लेलं पचतही नाही, पोटात कुजतं. तेव्हा आधी थर्मोस्टॅट बघा, मग सापाला बोल लावा. फ्रीजरचा कप्पा वेगळा ठेवा आणि घरच्या माउलीला विचारून ठेवा. भाजीच्या पिशवीशेजारी उंदीर निघाला तर साप घरात राहील, तुमचं सांगता येत नाही.

उंदीर आणायचा कुठून, यात आपल्या भागाची एक खास अडचण आहे. पिंजऱ्यात सापडलेला किंवा उसाच्या फडातून आणलेला उंदीर देऊ नका, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. कृष्णाकाठच्या उसात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड टाकतात, घरागोदामांत ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवतात. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर काही दिवस धडधाकट फिरतो आणि त्याच्या काळजात ते विष साठलेलं असतं. शिवाय जंत, गोचिडी आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आहेतच, आणि हा शेवटचा धोका तुम्हालाही आहे. खाद्यासाठी पैदास केलेले पांढरे उंदीरच घ्या, शक्यतो मारून गोठवलेले. घरी काठीनं किंवा आपटून मारणं, जिवंत फ्रीजरमध्ये टाकणं, हे क्रौर्य आहे. गोठवलेले उंदीर आणणं जमत नसेल तर साप पाळू नका, कुणी आग्रह केलेला नाही.

आणि एक गोष्ट लिहून आणलेली नव्हती, पण बोलतो. पुष्कळांना जिवंत उंदीर हवा असतो तो सापासाठी नसतो, मोबाईलसाठी असतो. मित्र गोळा करायचे, उंदीर सोडायचा, चित्रीकरण करायचं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, केवळ करमणुकीसाठी एखादा प्राणी दुसऱ्याचं भक्ष्य व्हावा म्हणून कोंडून ठेवणं, हा गुन्हा आहे. चित्रफीत टाकणारा स्वतःच पुरावा तयार करतो. नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक काढत आलेल्या शिराळा गावाचं उदाहरण मला कुणी तरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. नागपंचमीआधी नाग मडक्यांत ठेवून त्यांना उंदीर-बेडूक देत, अशी जुनी वर्णनं आहेत. ती माणसं नाग उत्तम ओळखत, यात शंका नाही. पण न्यायालयाच्या आदेशांनंतर तिथं जिवंत नागांची मिरवणूक थांबली, आणि 2025 मध्ये केंद्रानं मोजके नाग पकडायला दिलेली परवानगी शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानासाठी होती, खेळासाठी नव्हती. एका गावाच्या परंपरेचा आधार तुमच्या टबाला मिळत नाही.

एकच अपवाद मी मान्य करतो. अगदी लहान पिल्लू सगळे उपाय करूनही मेलेलं घेत नसेल आणि खरोखर वजन घटत असेल, तर डोळे न उघडलेलं, केस न आलेलं उंदराचं पिल्लू द्यावं. ते चावू शकत नाही. तरीही समोर बसून राहायचं, पंधरा मिनिटांत घेतलं नाही तर उचलायचं, आणि पुढच्या वेळी पुन्हा मेलेल्यानं सुरुवात करायची. वजन मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, फक्त तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.